अपघात २ चे ४ झाले, पैसे एकाच कामाला मिळणार: आकड्यांवरून कसं ठरवायचं? (कुपवाड, फाउंड्री)

कुपवाडची_पाळी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली ग्रे आयर्न फाउंड्री (बिडाच्या वस्तू ओतायचा कारखाना), लागून छोटं मशिन शॉप. माणसं १३०, त्यातली ८० ठेकेदाराची. ज्यात कामाचे दिवस बुडाले असे अपघात गेल्या वर्षी २, यंदा ४. मालक म्हणतात सेफ्टी दुप्पट बिघडली. ठेकेदार म्हणतो निव्वळ योगायोग. दोघंही एकाच कागदावर बोट ठेवून भांडतात.

मार्चअखेर एकाच कामाला पैसे सुटणार आहेत. डोळ्यांसमोर तीन कामं आहेत: फेटलिंगला (ओतलेल्या वस्तू घासून-तोडून साफ करायचा विभाग) धूळ ओढायची यंत्रणा, मशिन शॉपला नवे गार्ड (फिरत्या भागांवरची संरक्षक आवरणं), नाहीतर सगळीकडे कॅमेरे (हे मालकांचं लाडकं). हाताशी अपघाताच्या नोटिसांच्या प्रती, प्रथमोपचार रजिस्टर, मस्टर आणि गेटवरचं बोट लावायचं मशिन एवढंच आहे. एक्सेल येतं, नवीन सॉफ्टवेअर नको. यातून नीट निर्णय कसा काढायचा?

आकडे_तपासनीस

आधी दर काढा, मग भांडू द्या. आयएस ३७८६ (कामावरच्या अपघातांचे दर काढायचं भारतीय मानक) ची पद्धत सोपी आहे: दिवस बुडालेले अपघात गुणिले १० लाख, भागिले प्रत्यक्ष कामाचे तास. १३० माणसं, ८ तास, ३०० दिवस धरले तर ३,१२,००० तास होतात. गेल्या वर्षीचा दर ६.४, यंदाचा १२.८. दिसायला भयंकर. पण तुमच्या आकाराच्या कारखान्यात एकेका अपघाताने दर ३.२ ने उडी घेतो, त्यामुळे या आकड्याच्या चढउतारात बराचसा नुसता थरथराट असतो.

किती ते मोजता येतं. दोन वर्षांत मिळून ६ अपघात. काहीच बदललेलं नाही आणि दोन्ही वर्षांचे तास सारखे आहेत असं धरलं, तर प्रत्येक अपघात यंदा पडायची शक्यता निम्मी, म्हणजे नाणं सहा वेळा उडवल्यासारखं. सहापैकी चार किंवा जास्त यंदाच पडण्याची शक्यता ६४ पैकी २२, साधारण ३४ टक्के. २ चे ९ झाले असते तर तीच शक्यता सव्वातीन टक्क्यांवर आली असती, आणि मग मी मालकांच्या बाजूने बोललो असतो.

याचा अर्थ ठेकेदार जिंकला असा नाही. बिघडलं नाही हेही या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. चारही अपघातांचा तपास एकेक करून, मुळापर्यंत करायचाच. फक्त "दुप्पट" या शब्दावर पैसे टाकू नका.

तास मोजताना मात्र दोन ठिकाणी फसगत होते. ठेकेदाराच्या मस्टरवर ८ तास आणि गेटच्या मशिनवर १२ असतील तर गेटचे घ्या. आणि वर्षाची सरासरी महिन्यांना वाटू नका. महापुराच्या आठवड्यात निम्मी माणसं येत नाहीत आणि आलेली दुप्पट थांबतात, हे सांगलीत सांगायला नको. दर महिन्याचे खरे तास विभागवार लिहा.

पट्टीवाले_काका

वरच्या साहेबांशी सहमत, पण मग करायचं काय? तुमचा खरा खजिना प्रथमोपचार रजिस्टर आहे. वर्षाला चार अपघातांतून काही दिसत नाही, दोन-तीनशे किरकोळ जखमांतून दिसतं. अट एकच: रजिस्टर आधी साफ करून घ्यावं लागतं.

एक्सेलमध्ये एका जखमेला एक ओळ. रकाने: तारीख, जखम झाल्याची वेळ, पट्टी केल्याची वेळ, विभाग, मशिन किंवा टेबल नंबर, शरीराचा भाग, कशाने लागलं, त्या क्षणी काय काम चालू होतं, त्या कामावरचा अनुभव, कायम की ठेक्याचा. विभाग, भाग आणि "कशाने" यांना यादीतूनच निवडायची सोय ठेवा. नाहीतर "बोट", "बोटाला", "उजवं बोट कापलं", "फिंगर" असे चार प्रकार तयार होतात आणि पिव्होट टेबल (एक्सेलचं मोजणीचं कोष्टक) त्यांना चार वेगळ्या जखमा समजतं.

दोन वेळा का? रजिस्टरमध्ये बहुतेक ठिकाणी पट्टी केल्याची वेळ असते. माणूस सकाळी दहाला कापून घेतो, चिंधी गुंडाळून काम ओढतो आणि जेवणाच्या सुट्टीत पेटीपाशी येतो. आलेख काढला की साडेबाराला मोठा सुळका दिसतो आणि मीटिंगमध्ये कुणीतरी "जेवणाआधी थकवा येतो" असं जाहीर करतं. थकवाबिकवा काही नाही, ती सुट्टीची वेळ आहे. पाळी संपतानाचा सुळकाही तसाच.

दुसऱ्या पाळीत नोंदी कमी दिसल्या तर खूश व्हायच्या आधी पेटीची किल्ली कुणाकडे असते ते बघा. दिवसपाळीच्या सुपरवायझरच्या खिशात असेल तर रात्री कुणालाच लागत नाही!

नोंदी किती खऱ्या, याची एक स्वस्त परीक्षा आहे. महिन्याच्या सुरुवातीला पेटीतल्या चिकटपट्ट्या, गॉजचे तुकडे आणि आयवॉशच्या बाटल्या मोजा, शेवटी परत मोजा. ६० पट्ट्या संपल्या आणि नोंदी २२ असतील तर तुमच्यापर्यंत तिसरा हिस्साच पोचतोय. काही पट्ट्या घरीही जातात, ते चालायचंच. हे गुणोत्तर दर महिन्याला लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

अनुभवाच्या रकान्यात ठेकेदाराने दिलेली रुजू तारीख टाकू नका. ठेका बदलला की पाच वर्षं ग्राइंडर चालवणारा माणूसही कागदावर "आठवड्यापूर्वी रुजू" होतो. सरळ विचारा, या टेबलावर किती दिवस?

सूचनाफलक

गेटवर "अपघातमुक्त दिवस" असा बोर्ड असेल आणि शंभर दिवसांना बक्षीस असेल तर वरचं सगळं विसरा. ९२ व्या दिवशी बोट कापलेला माणूस ते लपवणार, कारण त्याच्यामुळे अख्ख्या खात्याची भेटवस्तू जाते. बक्षीस द्यायचं तर धोका दाखवल्याबद्दल द्या आणि तो किती दिवसांत दुरुस्त झाला ते बोर्डावर लिहा.

अजून एक. जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी गेटपाशी खुर्चीवर बसवून हजेरी लावली की "दिवस बुडाला नाही" असं होतं. ४८ तास किंवा जास्त काळ माणूस कामाला असमर्थ असेल तर अपघाताची नोटीस द्यावी लागते. खुर्चीवर बसणं म्हणजे काम नव्हे. असे दिवस तुमच्या शीटमध्ये "हलकं काम" म्हणून वेगळे धरा, नाहीतर दर कमी होईल आणि जखमा तेवढ्याच राहतील.

कुपवाडची_पाळी

बोर्ड आहे, बक्षीस नाही. काकांच्या रकान्यांप्रमाणे एप्रिल ते सप्टेंबरचं रजिस्टर पुन्हा भरलं. तास गेटच्या मशिनवरून घेतलेत, पूर्णांकात.

मोल्डिंग-कोअर (साचे आणि त्यांच्या आतले गाभे बनवणं): ४८,००० तास, २१ नोंदी
मेल्टिंग (धातू वितळवणं): १६,८०० तास, ४ नोंदी
शेकआउट (साचा फोडून वस्तू बाहेर काढणं)-फेटलिंग: ४३,२०० तास, ५२ नोंदी
मशिन शॉप: ३६,००० तास, ३९ नोंदी
स्टोअर-डिस्पॅच: १२,००० तास, ९ नोंदी

फेटलिंगच्या ५२ मध्ये "डोळ्यात कचरा" २७, हात-बोटं १४, बाकी ११. मशिन शॉपच्या ३९ मध्ये बोटं २९. मेल्टिंग सगळ्यात सुरक्षित दिसतंय, मग तिकडचं लक्ष कमी केलं तर चालेल का?

भट्टीवरचा

नाही चालणार. हा प्रश्न विचारलात ते बरं झालं.

मेल्टिंगचा किरकोळ जखमांचा दर कमी असतो, कारण तिथे किरकोळ काही होतच नाही. भंगारात ओल राहिली, लाडलचं (वितळलेला धातू न्यायच्या भांड्याचं) अस्तर नीट वाळलं नाही किंवा पिटमध्ये (भट्टीपाशीच्या खड्ड्यात) पाणी साचलं आणि त्यावर वितळलेला धातू गेला, की पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पटीने वाढतं. धातू छपरापर्यंत उडतो. अशी घटना दहा वर्षांत एकदाही न होता अकराव्या वर्षी दोन माणसं जातात. आयएस ३७८६ प्रमाणे एका मृत्यूला ६००० दिवस धरतात. ही तीव्रतेची बाजू प्रथमोपचार रजिस्टरमध्ये कधीच उमटत नाही.

म्हणून इथे जखमा मोजायच्याच नाहीत, अडथळे शाबूत आहेत का ते मोजायचं. प्रत्येक पाळीला: इंडक्शन (विजेच्या) भट्टीच्या ग्राउंड लीकेजचं (जमिनीकडे गळणाऱ्या विजेचं) रीडिंग, कॉइलच्या पाण्याचं आत-बाहेरचं तापमान आणि प्रवाह, पिट कोरडा आहे का, लाडल तापवायला लावल्याची आणि काढल्याची वेळ, चार्ज (भट्टीत टाकायचं भंगार) छपराखाली ठेवला होता का. भट्टीच्या अस्तराची जाडी ठरलेल्या हीटनंतर (वितळवण्याच्या फेऱ्यांनंतर) मोजून लिहायची. लीकेजचा आकडा ट्रिपच्या (भट्टी आपोआप बंद पडायच्या मर्यादेच्या) आत असूनही आठवडाभर चढत असेल तर अस्तर झिजतंय. तेवढी एक रेघ रोज बघितली तरी कॅमेऱ्यांपेक्षा जास्त कामाची आहे. आणि पावसाळ्यात चार्ज तपासायची नोंद "हो, हो, हो" अशी एकाच पेनाने, एकाच दमात भरलेली दिसली तर ती नोंद नाही, सही आहे.

पट्टीवाले_काका

आता दर काढू. १०,००० तासांमागे नोंदी: फेटलिंग १२.०, मशिन शॉप १०.८, डिस्पॅच ७.५, मोल्डिंग ४.४, मेल्टिंग २.४. नुसत्या संख्येत डिस्पॅच शेवटून दुसरं होतं, दरात ते मोल्डिंगच्या वर गेलं. १२,००० तास आणि ९ नोंदी म्हणजे अजून कच्चा आकडा आहे, पण तिथे उचलायचं काम कसं चालतं ते एकदा उभं राहून बघा.

मशिन शॉपमध्ये ३९ पैकी २९ बोटं. गार्ड बदलण्याआधी "कशाने" हा रकाना फोडा. फिरत्या चकने (वस्तू धरणाऱ्या पकडीने) किंवा टूलने लागलं असेल तर गार्ड. पण बहुतेक ठिकाणी बर (कडेचा धारदार कंगोरा) आणि चिपनेच (कापताना निघणाऱ्या धातूच्या सालीनेच) कापलेलं असतं, जॉब (मशिनवरची वस्तू) उतरवताना नाहीतर चिप हाताने ओढताना. मग उपाय चिप ओढायचा हूक, ब्रश आणि बर काढायची जागा. फिरत्या स्पिंडलपाशी हातमोजे घालायला लावू नका, हातमोजा गुंडाळला की बोटाबरोबर हातही जातो. मोजे जॉब हाताळताना, मशिन थांबल्यावर.

फेटलिंगच्या २७ डोळ्यांबद्दल एकच विचारतो. कचरा गेला तेव्हा माणूस स्वतः ग्राइंडर चालवत होता का?

कुपवाडची_पाळी

२७ पैकी ९ जण स्वतः ग्राइंडिंग करताना. ११ जण शेजारच्या टेबलावरून आलेल्या कणांमुळे, त्यातले बरेच जण तेव्हा चिपिंग (छिन्नीने जादा धातू उडवणं) करत नाहीतर जॉब पालटत होते, चष्मा वर ढकललेला. ५ जण कपडे हवेच्या नळीने झाडताना. २ जणांना आठवत नाही. मशिन शॉपच्या २९ पैकी २३ बर किंवा चिपने, तुम्ही म्हणालात तसंच.

पट्टीवाले_काका

मग गॉगलच्या नवीन ऑर्डरने फार तर ९ ला हात लागेल. ११ ला टेबलांमधला आडोसा हवा. ५ ला हवेच्या नळीने अंग झाडणं बंद, त्या जागी व्हॅक्यूमची नळी. ती झाडलेली धूळ पुन्हा श्वासात जाते, तेव्हा त्यात दुहेरी नुकसान. आणि मशिन शॉपला गार्डचा मोठा खर्च तूर्त लांबवा. २३ नोंदींना काही हजारांत उत्तर आहे. उरलेल्या ६ पैकी फिरत्या भागाने किती, ते मात्र आजच बघा. एक जरी असेल तर त्या मशिनचा गार्ड थांबणार नाही, तिथे संख्येचा हिशोब लावायचा नसतो.

धूळमाप

चर्चा छान चालली आहे, पण फेटलिंगची सर्वात मोठी गोष्ट तुमच्या शीटमध्ये नाही आणि कधी येणारही नाही. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) व्हायला वर्षं लागतात. तोवर ठेकेदाराचा माणूस गाव सोडून गेलेला असतो आणि रजिस्टर शून्य दाखवतं. धूळ ओढायच्या यंत्रणेचा निर्णय जखमांच्या तक्त्यावर घेतलात तर ती दरवर्षी हरणार. तिला तिचं माप हवं.

माप असं. शेकआउट आणि फेटलिंगवरच्या प्रत्येकी दोन-तीन माणसांच्या कॉलरला सायक्लोनसह (जाड कण वेगळे काढणारा भाग) वैयक्तिक सॅम्पलर (पंपाला जोडलेलं, धूळ गोळा करायचं साधन), नाकापासून वीतभर अंतरात. १० मिमी नायलॉन सायक्लोन असेल तर प्रवाह मिनिटाला १.७ लिटर, दुसरा सायक्लोन असेल तर त्याचा ठरलेला प्रवाह. ३७ मिमीचा पीव्हीसी फिल्टर. ७ तास चालला तर सुमारे ७१४ लिटर हवा होते, क्वार्ट्झ (वाळूतली स्फटिकी सिलिका) तपासायला तेवढी पुरते. पंप सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेट करा. दोन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर ते सॅम्पल टाकून द्या. प्रयोगशाळेकडून वजन आणि क्वार्ट्झचं टक्केवारी प्रमाण दोन्ही मागा. नुसतं "धूळ इतके मिग्रॅ" असा रिपोर्ट कामाचा नाही, कारण मर्यादा क्वार्ट्झवर ठरते.

कारखाने अधिनियम १९४८ च्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं होतं: श्वसनीय धुळीसाठी (फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ) १० भागिले (क्वार्ट्झ टक्के अधिक २), एकक मिग्रॅ प्रति घनमीटर. क्वार्ट्झ ८ टक्के असेल तर मर्यादा १.० येते. १८ टक्के असेल तर ०.५. त्यात अडकून राहू नका. ८ टक्क्यांच्या धुळीत १.० मिग्रॅ म्हणजे शुद्ध क्वार्ट्झ ०.०८, आणि अमेरिकेतल्या ओशाची (तिकडची सरकारी कामगार-सुरक्षा संस्था) २०१६ पासूनची मर्यादा ०.०५ आहे. सूत्रात पास झालेला रिपोर्ट तिकडे नापास होतो.

मापाच्या दिवशी शेडची सगळी दारं उघडी आणि उत्पादन निम्मं, असं करू नका. रोजची पाळी, रोजचे जॉब, रोजची दारं. त्या दिवशी किती टन शेकआउट झालं तेही रिपोर्टवर लिहा, म्हणजे यंत्रणा बसवल्यानंतरच्या मापाशी तुलना करता येईल.

आवाजही त्याच दिवशी मोजून घ्या. ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २ असं कोष्टक आहे. हँड ग्राइंडर ९८ ला असेल तर परवानगी २.६ तासांची, ३ तास चालवला तर मात्रा ११४ टक्के, म्हणजे बाकीची पाळी शांततेत गेली तरी मर्यादा ओलांडलेली.

सूचनाफलक

हे मालकांना कसं पटवायचं? त्यांना एकच आकडा लागतो.

आकडे_तपासनीस

एकच आकडा देऊ नका, एकच पान द्या. वर तीन ओळी: फेटलिंगच्या हवेतलं क्वार्ट्झ आणि मर्यादा, १०,००० तासांमागच्या नोंदी विभागवार आणि त्यांच्या शेजारी पट्ट्या-नोंदींचं गुणोत्तर, मेल्टिंगच्या तपासण्या किती पाळ्यांत पूर्ण झाल्या. खाली उघड्या कामांची यादी, प्रत्येकापुढे किती दिवस उघडं ते.

पैशाचं म्हणाल तर माझं मत असं. आडोसे, चिप ओढायचे हूक, व्हॅक्यूमची नळी हे रोजच्या देखभालीतून करा, त्यासाठी मार्चची वाट कशाला? धुळीचं माप आत्ता घ्या. क्वार्ट्झ मर्यादेच्या वर आलं तर मोठी रक्कम यंत्रणेला, विषय संपला. कॅमेऱ्याने वरच्या १२५ नोंदींपैकी एकही टळली नसती.

आणि आडोसे लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा की काय दिसलं तर ते चालले म्हणायचं. शेजारच्या कणांच्या ११ नोंदी सहा महिन्यांत, म्हणजे तीन महिन्यांत साडेपाच अपेक्षित. सगळ्या टेबलांना आडोसे लावल्यावर तीन महिन्यांत ० किंवा १ आली तर ते नुसत्या नशिबाने व्हायची शक्यता तीन टक्क्यांच्या आत. ३ आल्या तर (३ किंवा कमी यायची) शक्यता २० टक्के, म्हणजे अजून तीन महिने थांबा, लगेच टाळ्या नकोत. त्याच काळात हात-बोटांच्या नोंदीही निम्म्या झाल्या तर सावध व्हा. आडोशाने बोटं वाचत नाहीत. लोकांनी पेटीकडे यायचं थांबवलंय, पट्ट्या मोजा.

कुपवाडची_पाळी

आडोसे कशाचे करायचे? वेल्डिंगचे प्लास्टिक पडदे पडून आहेत.

पट्टीवाले_काका

ते फेटलिंगला टिकणार नाहीत, चिपिंगचा तुकडा आरपार जातो आणि महिन्यात धुळीने अपारदर्शक होतात. १.६ मिमी पत्रा, अँगलच्या चौकटीत, सुमारे २ मीटर उंच, खाली वाळू ओढायला वीतभर फट. क्रेनने जॉब ठेवायची बाजू मोकळी सोडा. आतून रबराची जुनी कन्व्हेयर पट्टी बोल्ट केली तर पत्र्यावर आपटून कण परत येत नाहीत आणि आवाजही थोडा मरतो. फक्त जागा नक्की करण्याआधी धूळमाप यांना विचारून घ्या. पुढे धूळ ओढायचं हूड बसणार असेल तर आडोसा हवेच्या वाटेत येता कामा नये.

धूळमाप

हूड टेबलाच्या मागे येईल असं धरा आणि आडोसे फक्त दोन बाजूंना लावा, वेल्डिंग न करता बोल्टवर.